एका बोक्याची दोन तिकिटं

"आता तुम्ही दोघं कायमचेच इकडे या," असं मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या बायकोने दोनच प्रश्न विचारले. एक, तिथल्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का. आणि दोन, साहेबांना आणता येईल का. खिडकी होती. साहेबांचं काय ते मुलीला लगेच सांगता येईना. "मग विचारून ठेव," बायको म्हणाली. "तो नाही तर मी नाही." या वाटाघाटींत माझं नाव कुठे निघालं नाही, त्यावरून माझं जाणं नक्की झालं आहे असं मी समजलो.

तिच्या या 'मी नाही'बद्दल सांगायला हवं. अडतीस वर्षांच्या संसारात ती हे यापूर्वी दोनदाच म्हणाली आहे. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी भावाच्या नव्या घरी एकटाच जेवून आलो. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी बढती नाकारून त्याच गावात राहिलो. तिसरी वेळ अजमावून बघण्याचं माझं वय नव्हतं.

साहेब म्हणजे आमचा बोका. करडा रंग, छातीवर पांढरा डाग, चेहऱ्यावर कायम एखादी फाईल परत पाठवल्याचं समाधान. चार वर्षांपूर्वी एका सकाळी नऊ वाजता तो मागच्या दाराने आत आला, माझी खुर्ची हुंगली, तिच्यावर बसला आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. मी पस्तीस वर्षं कचेरीत काढली. खुर्चीत बसून इतक्या गांभीर्याने काहीही न करणारी व्यक्ती मी त्याआधी एकच पाहिली होती, आणि ती माझी वरिष्ठ होती. नाव आपोआप पडलं. साडेसहाला बायको मागचं दार उघडायची, "चला साहेब, सुटलं ऑफिस," म्हणायची आणि साहेब निघायचे. बोक्याला रात्री कोंडून ठेवू नये, त्याचा स्वभाव मोकळा असतो, असं तिचं मत होतं. माझं मत वेगळं असतं तरी दार उघडलंच असतं.

आठवड्याने मुलीचा निरोप आला: आणता येईल, कागदपत्रं हवीत. त्या दिवसापासून घरात जी धांदल उडाली तिला तोड नाही. बायको रोज एक बॅग भरायची आणि रोज तीच उपसायची, कारण आत्ता हवं असलेलं नेमकं त्या बॅगेच्या तळाशी आहे हे तिच्या संध्याकाळी लक्षात यायचं. मी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर बोटाने प्रवास करू लागलो. एकोणीस तारखेच्या तिकिटांच्या आम्ही दोन प्रती काढल्या. एक बायकोने जपून ठेवली, ती सापडेना. म्हणून दुसरी मी उघड्यावर ठेवली, तर ती अंगाखाली घेऊन साहेब झोपले.

फ्रिजवर यादी लागली. तिचे तीन रकाने होते: ती, मी आणि साहेब. साहेबांचा रकाना सगळ्यांत लांब. "हा तुम्ही घ्या," बायको म्हणाली, "तुम्हाला कागदांची सवय आहे." रकान्यात फोटो होता, प्रवासाच्या बॅगेची सवय होती, मग चिप, लस, रक्ताची तपासणी, डॉक्टरांचा दाखला. कचेरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो, की कामाची सुरुवात नेहमी सोप्या कामापासून करावी. पुष्कळदा अवघड कामं करायची वेळच येत नाही.

साहेबांचा फोटो पहिल्या झटक्यात असा आला की मंत्रिमंडळातही खपला असता. माझा पासपोर्टवरचा फोटो बघून बायको म्हणाली, "विमानतळावर बोका सोडतील आणि तुम्हाला ठेवून घेतील."

मग बॅग. डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता. पहिला आठवडा बॅग नुसती उघडी ठेवा. दुसऱ्या आठवड्यात तिच्यात जुना टॉवेल आणि खाऊ ठेवा. तिसऱ्यात थोडा वेळ चेन लावा. चौथ्यात उचलून घरभर फिरवा. घाई करू नका, मांजर घाबरतं. मी बॅग जमिनीवर ठेवली, चेन उघडली आणि पुढचं वाचण्यासाठी चष्मा शोधायला गेलो. परत येतो तर साहेब आत. पाय पोटाशी घेऊन बसले होते आणि ड्रायव्हर कुठे उलथलाय अशा नजरेने बाहेर बघत होते. मी चेन लावली. साहेबांनी जांभई दिली. मी बॅग उचलून घराला दोन फेऱ्या मारल्या. पहिल्याच फेरीत त्यांना झोप लागली. चार आठवड्यांचा अभ्यासक्रम साडेतीन मिनिटांत संपला.

आम्ही हरखून गेलो. बायकोने मुलीला व्हिडिओ पाठवला, बहिणीला पाठवला, बँकेत मी हयातीच्या दाखल्यावर सही करताना तिथल्या बाईंनाही दाखवला. "शिकवावं लागलंच नाही," ती म्हणायची, "उपजतच आहे." माझ्या शिकवण्याचाही यात थोडा वाटा असावा, असं मी एक-दोन ठिकाणी सुचवून पाहिलं.

अशा विजयी मनःस्थितीत, विमानाला चार आठवडे उरले असताना, आम्ही साहेबांना चिप बसवायला दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होते आणि आम्हाला काका-काकू म्हणत. त्यांनी साहेबांना स्टीलच्या टेबलावर घेतलं, वजन केलं, मानेवरचे केस विंचरल्यासारखे बाजूला केले. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कुपी, सुईने कातडीखाली सोडतात. वर यंत्र फिरवलं की तिच्यातला नंबर दिसतो. बसवण्याआधी यंत्र एकदा नुसतं फिरवायची पद्धत आहे म्हणाले. फिरवलं. यंत्र वाजलं.

डॉक्टरांनी पुन्हा फिरवलं. यंत्र पुन्हा वाजलं.

"काका, यांना चिप आहे."

मी म्हटलं, शक्य नाही, आम्ही अजून बसवलेलीच नाही. ते म्हणाले, दिसतंय तसं, पण पंधरा आकडी नंबर आहे. त्यांनी तो कॉम्प्युटरवर घातला, थोडा वेळ वाचलं आणि चष्मा डोळ्यांवरून डोक्यावर सरकवला. नंबर एका बाईंच्या नावावर होता. पत्ता आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. धंदा: शिवणकाम.

बायकोने साहेबांच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला म्हणजे दाबला.

डॉक्टरांनी फोन लावला. पलीकडे शिलाई मशीनची घरघर आणि तिच्यावरून एका बाईंचा आवाज आला. तुमचं मांजर इथे सापडलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीन थांबलं. "सापडलं? हरवलं कधी होतं? या वेळी तो बाहेरच असतो."

दहा मिनिटांत त्या आल्या. साठीच्या, गळ्यात मापाची टेप, ब्लाउजच्या गळ्याला टाचण्यांची रांग, बगलेत जाडजूड फाईल, हातात मांजराची बॅग. आमच्याकडे न बघताच टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "बटण, इथे काय करतोयस रे?"

आणि साहेबांनी मान वर केली. आपल्या वरिष्ठांना भर रस्त्यात कुणी 'ए बंड्या' म्हणून हाक मारावी आणि त्यांनी ओ द्यावी, तेव्हा हाताखालच्या माणसाला जसं वाटेल, तसं मला वाटलं.

"वहिनी, हा तुमच्याकडे येतो का?" टेलरबाईंनी विचारलं.

"येतो म्हणजे काय, असतोच," बायको म्हणाली. "चार वर्षं झाली. तुमच्याकडे कधी असतो?"

"रात्री. माझ्या पायांशी झोपतो. दिवसा फिरतो, स्वभावच मोकळा आहे त्याचा."

मोकळ्या स्वभावाचा शोध आपला आहे अशी बायकोची समजूत होती.

"म्हणजे दोन पाळ्या," डॉक्टर म्हणाले आणि लगेच कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधू लागले.

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं की आपण जगाला दिसत नाही, असं म्हणतात. इथे मांजराचे डोळे टक्क उघडे होते. डोळे मिटून बसलो होतो ते आम्ही तिघं. दोन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात आम्ही त्याला नसबंदीच्या ऑपरेशनसाठी आणला होता, तेव्हा 'हे झालेलं आहे' असं कळल्यावर आम्ही काय केलं? चांगल्या घरातला दिसतो म्हणून कौतुक केलं. ते चांगलं घर आता समोर उभं होतं.

पण खरा बॉम्ब पुढेच होता. बाईंनी फाईल उघडली. फाईलमध्ये चिपचा कागद, लसीचा कागद, रक्ताच्या तपासणीचा कागद आणि त्यांचं स्वतःचं विमानाचं तिकीट. मुलाने बोलावलं होतं. चौदा तारखेला त्या बटणाला घेऊन कायमच्या चालल्या होत्या. आम्ही साहेबांना घेऊन एकोणीसला. देश वेगळे, दिशाही उलट. म्हणजे एकाच बोक्याच्या नावाने दोन तिकिटं निघाली होती, पाच दिवसांच्या अंतराने, आणि पंधरा तारखेला सकाळी नऊ वाजता मागचं दार उघडं ठेवून आम्ही समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाची वाट बघत बसलो असतो.

बॅगेचा उलगडाही तेव्हाच झाला. बाई गेला दीड महिना रोज रात्री त्याला बॅगेची सवय लावत होत्या. आमच्या साडेतीन मिनिटांच्या उपजत बुद्धीमागे पंचेचाळीस रात्रींची मेहनत होती.

"त्यांचे सगळे कागद पूर्ण आहेत," डॉक्टर आम्हाला जपून म्हणाले. "तुमचं, काका, तसंही एकोणीसला जमलं नसतं. आधी चिप, मग लस, मग रक्त, आणि रक्ताच्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. तुम्ही बॅगेपासून सुरुवात केलीत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे पाहिलं. कुत्र्याला बेचाळीस दात असतात.

थोडक्यात मामला असा होता: बोका आमच्याबरोबर यायचा तर त्या बाईंनी तो द्यायला हवा होता, आणि नुसता बोका नाही, ती फाईलही. फाईलवर मालक बदलल्याची सही हवी होती. आणि बोका आला नाही तर बायको येणार नव्हती. बाईंनी बटणाला आपल्या बॅगेत घातलं, आम्हाला नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या. घरी आल्यावर बायकोने बॅगा भरायचं बंद केलं. उपसायचंही. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला साहेब हजर. काल काही घडलंच नाही असा चेहरा. बायकोने त्यांना खायला घातलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अहो, चप्पल घाला."

बाईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कापडं बेतायचं उंच टेबल, त्यावर एक काळा लांब कोट उसवून पसरलेला. भिंतीला खिळ्यांवर कागदाचे नमुने, हँगरवर चिठ्ठ्या लावलेले कपडे, कोपऱ्यात लाकडी खोक्यात अर्धवट बांधलेलं दुसरं मशीन. त्यांनाही जायची घाई झालेली दिसत होती. मुलाने तिथे एक खोली शिवणासाठी रिकामी केली आहे, सूनबाईंनी आताच दोन गिऱ्हाइकं जोडून ठेवली आहेत, असं त्यांनी बसायला स्टूल देतादेताच सांगून टाकलं. चेहरा उजळला होता. मग आम्ही कशाला आलोय ते आठवलं असावं, कारण त्यांनी खडू हातात घेतला.

बायकोने प्रस्तावना केली नाही. "सकाळी नऊला तो तुमच्याकडून निघतो कसा?"

"कसा म्हणजे?"

"आपणहून निघतो, की..."

बाईंनी कोटावर एक रेघ मारली. "काळं कापड असतं वहिनी. एक केस लागला तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. दुकान उघडलं की आधी बटण बाहेर." मग रेघेवरून वर बघत म्हणाल्या, "आणि साडेसहाला तुमच्याकडून?"

"मी काढते," बायको म्हणाली.

मोकळ्या स्वभावाचा असा निकाल लागला. चार वर्षं दोन घरांतून त्या जिवाला वेळेवर हाकललं जात होतं आणि जे दार उघडं मिळेल तिथे तो नाइलाजाने हजेरी लावत होता; दोन्ही घरं मात्र त्याला भटक्या म्हणत होती. मी चार वर्षं ज्याला साहेब म्हणत आलो तो खरं म्हणजे रोजंदारीवर होता.

बाई खडू ठेवून खाली बसल्या. "काल रात्रभर हेच डोक्यात होतं," त्या म्हणाल्या. "तिथेही माझी खोली कापडांचीच. नऊला बटण बाहेर. पण बाहेर कोण असेल त्याला? इथे तुम्ही होतात. मला ठाऊक नव्हतं, पण होतात."

"आम्ही त्याला बाहेर काढणार नाही," बायको म्हणाली.

"रोज काढत होता की."

"आता नाही काढणार."

"बोलायला काय जातंय वहिनी. सात दिवस ठेवून दाखवा. माझं दार मी रात्री किलकिलं ठेवते. एकदा जरी तो माझ्या उंबऱ्याशी दिसला, तर चौदाला माझ्याबरोबर. नाही दिसला तर फाईल तुमची."

बायकोने होकार दिला. मला विचारलं नाही, हे ओघाने आलंच.

पहिल्या संध्याकाळी साडेसहाला साहेब सवयीने मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बायकोने दारासमोर खुर्ची टाकली, तिच्यावर बसली आणि त्यांना समजावू लागली. मुलीच्या घराला कशा मोठाल्या खिडक्या आहेत, खाली बाग आहे, बागेत पक्षी आहेत. पक्ष्यांपर्यंत ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीची पाहणी केली. मी तिथे बादली पालथी घालून पहारा दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिल्यासारखं दार सोडलं आणि थेट माझ्या उशीवर येऊन बसले. ज्या बाईने चार वर्षं बोक्याला अंधार पडायच्या आत घराबाहेर घातलं, तीच मला म्हणाली, "तुम्ही जरा त्या कडेला सरका." मी सरकलो. पहाटे पाचला साहेबांनी माझ्या नाकावर पंजा ठेवून, माणूस जिवंत आहे ना, याची खात्री करून घेतली. बॅगा पुन्हा भरू लागल्या. चौथ्या दिवशी बायको गुणगुणत होती.

पाचव्या संध्याकाळी मी केराची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं.

एवढंच केलं. बादली अजून हातात होती आणि पायांतून काहीतरी करडं गेलं. मी बायकोला हाक मारली नाही. मारायची गरजच पडली नाही. ती माझ्याही आधी गल्लीत होती. साहेब पुढे, शेपटी उभी, ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने निघालेल्या माणसाच्या चालीने. मागे बायको, हातात लाटणं, कारण ती तशीच निघाली होती. तिच्या मागे मी, एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्यात माझी. आम्ही पळालो की साहेब पळायचे, आम्ही थांबलो की तेही थांबून मागे बघायचे, यांना उशीर का होतोय म्हणून. पहिली गल्ली गेली. दुसरी गेली. कोपऱ्यावर बायकोने त्यांच्यावर झेप टाकली आणि तिच्या हाताला नुसती हवा लागली.

बाईंचं दार किलकिलं होतं. साहेब उंबऱ्याशी जाऊन बसले आणि पाय चाटू लागले.

दार पूर्ण उघडलं. बाईंनी खाली बोक्याकडे पाहिलं. मग वर आमच्याकडे. बायको कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती, केस सुटले होते, लाटणं तसंच. अट अट होती.

"उंबऱ्यावर आलाय," बायको कशीबशी म्हणाली. तीच म्हणाली. मी असतो तर उंबरा कुठे सुरू होतो यावर वाद घातला असता.

बाईंनी वाकून बटणाला उचललं, त्याच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाल्या, "चार वर्षं हा रोज या वेळेला येतोय. त्याच्या मागे कुणी धावत आलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय."

आणि त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. तो घेता यावा म्हणून बायकोने लाटणं माझ्याकडे दिलं.

फाईलवर सही तिथेच, कापडं बेतायच्या टेबलावर झाली. बाईंनी खडूने नाही, पेनानेच केली. पण सही करताना पेन खडूसारखं आडवं धरलं होतं. मग त्यांनी नाक ओढलं, आमची प्रवासाची बॅग कशी आहे ते विचारलं, जाळीचा टाका कच्चा असतो म्हणाल्या, आणि आणून दाखवा म्हणून हुकूम सोडला. दोन दिवसांत त्यांनी ती बॅग चारही बाजूंनी दुहेरी शिवून दिली. चौदा तारखेला त्यांना निरोप द्यायला आम्ही तिघंही गेलो. गाडीत बसताना त्या इतक्या खुशीत होत्या की मशीनच्या खोक्यावरच हात आपटत होत्या. काच खाली करून बायकोला म्हणाल्या, "फोटो पाठवत जा त्याचा. दिवसाचा नको. दिवसा कुणीही ठेवून घेतं. रात्रीचा पाठवा."

एकोणीसला आम्ही निघालो. विमानतळावर साहेबांचे कागद तपासायला दोन मिनिटं लागली, माझे तपासायला अकरा.

मुलीच्या घरी पोहोचल्यावर बायको आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली, मग मुलीला भेटली. जेवणं झाल्यावर ती फोन घेऊन आमच्या खोलीत आली, दिवा लावला आणि मला म्हणाली, "उठा, फोटोत येताय." मी भिंतीशी उभा राहिलो. पलंगावर माझ्या उशीच्या मधोमध साहेब पसरले होते. बायकोने फोटो काढला आणि पाठवला.

बाईंकडे तेव्हा भर दुपार होती. उत्तर मिनिटाच्या आत आलं.

"उशीची खोळ डाव्या बाजूला उसवली आहे. शिवून घ्या, त्याचं नख अडकेल."